व्हॉइड लिनक्सवरील स्टीम

स्टीम ही व्हॉल्व्ह कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीची संगणकीय खेळ विकण्याची व चालवण्याची सेवा आहे. या सेवेचा क्लायंट, म्हणजे वापरकर्त्याच्या संगणकावर बसणारी आज्ञावली, लिनक्ससाठी तयार करताना कंपनीने प्रामुख्याने उबुंटू आणि पुढे स्वतःची स्टीमओएस ही वितरणे समोर ठेवली. व्हॉइड लिनक्स हे स्वयंसेवकांनी चालवलेले, तुलनेने कमी प्रचारातील वितरण आहे. त्याची रचना उबुंटूहून बरीच वेगळी असल्यामुळे त्यावर स्टीम बसवताना काही पूर्वतयारी हाताने करावी लागते. व्हॉइडच्या दोन प्रमुख आवृत्त्या आहेत. त्यांपैकी ग्लिबसी आवृत्तीवर स्टीम व्हॉइडच्या स्वतःच्या भांडारातून बसवता येते. मसल आवृत्तीवर ते थेट चालत नाही. तेथे फ्लॅटपॅक किंवा तत्सम मार्गाचा अवलंब करावा लागतो.

या पूर्वतयारीचे टप्पे मोजकेच आहेत. मात्र ते का करावे लागतात हे न समजता केले, तर पुढील एखाद्या अद्ययावतीकरणानंतर खेळ बंद पडला असता दोष कोठे शोधावा हे उमगत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात कारणमीमांसेला आज्ञांपेक्षा अधिक जागा दिली आहे. आज्ञा व पॅकेजांची नावे येथे देवनागरीत उच्चारानुसार दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

पार्श्वभूमी

स्टीम सेवा १२ सप्टेंबर २००३ रोजी विंडोजसाठी सुरू झाली. लिनक्सवरील क्लायंटची मर्यादित चाचणी नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि सर्वांसाठीचे प्रकाशन १४ फेब्रुवारी २०१३ रोजी झाले. त्याआधी काही महिने व्हॉल्व्हचे सहसंस्थापक गेब न्यूवेल यांनी विंडोज ८ विषयी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. त्या प्रणालीबरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे आज्ञावली-दुकान आणले होते, आणि आपला सारा व्यवसाय दुसऱ्याच्या अंगणात उभा असल्याची जाणीव व्हॉल्व्हला लिनक्सकडे घेऊन आली, असे सामान्यतः मानले जाते.

पहिल्या क्लायंटसाठी उबुंटूची निवड झाली. ही निवड व्यवहाराच्या दृष्टीने रास्त होती, कारण शेकडो वितरणांवर चाचणी घेणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला, की लिनक्सवरील स्टीम हे प्रत्यक्षात 'उबुंटूसारख्या लिनक्सवरील स्टीम' ठरले. अन्य वितरणांवर ते आणण्याचे काम त्या त्या वितरणाच्या स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. व्हॉइडमधील स्टीमचे पॅकेजही असेच स्वयंसेवकांनी सांभाळलेले आहे. व्हॉल्व्हचा त्याच्याशी संबंध नाही.

व्हॉइडची घडण

व्हॉइडची सुरुवात २००८ मध्ये ह्वान रोमेरो पार्दिनेस यांनी केली. ते पूर्वी नेटबीएसडी या प्रणालीच्या विकासकांपैकी एक होते. एक्सबीपीएस हा स्वतः लिहिलेला पॅकेज-व्यवस्थापक तपासून पाहण्यासाठी त्यांना एक वितरण हवे होते, त्यातून व्हॉइड उभे राहिले. २०१८ मध्ये संस्थापक दीर्घकाळ संपर्कात नसल्यामुळे इतर सदस्यांनी प्रकल्प नव्या संकेतस्थळावर हलवला व तो सामूहिक जबाबदारीने पुढे चालू ठेवला.

व्हॉइड हे दुसऱ्या कोणत्याही वितरणापासून फुटून निघालेले नाही, त्यामुळे उबुंटू किंवा डेबियनसाठी बांधलेले पॅकेज त्यावर जसेच्या तसे बसत नाही. त्याच्या आवृत्त्यांना ठरावीक क्रमांक नसतात. अद्ययावतीकरण अखंड चालू असते. सेवा सुरू करण्यासाठी बहुतेक वितरणांत आढळणारी सिस्टमडी ही व्यवस्था येथे नसून रनिट ही छोटी व्यवस्था वापरली जाते. यांतील प्रत्येक गोष्टीचा स्टीमच्या स्थापनेशी कोठे ना कोठे संबंध येतो. परंतु सर्वांत महत्त्वाचा फरक सी भाषेच्या मूलभूत लायब्ररीचा आहे. जवळपास प्रत्येक आज्ञावली कर्नेलशी बोलताना या लायब्ररीचा आधार घेते. व्हॉइड दोन लायब्ऱ्यांच्या स्वतंत्र आवृत्त्या पुरवते: एक ग्नू प्रकल्पाची ग्लिबसी आणि दुसरी मसल. मसल २०११ मध्ये प्रथम प्रकाशित झाली; ती आटोपशीर व काटेकोर म्हणून ओळखली जाते. मूळ स्रोत हाती असेल तर बहुतेक आज्ञावल्या मसलसाठी नव्याने संकलित करता येतात. स्टीमचा स्रोत मात्र कोणाच्याच हाती नाही.

अडचणीचे मूळ

कोणत्याही लिनक्स वितरणात नेहमीच्या आज्ञावल्या आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ऱ्या एकाच भांडारातून येतात व एकमेकींशी जुळवूनच संकलित केलेल्या असतात. स्टीम या शिस्तीबाहेरचे आहे. भांडारातून येते ते केवळ एक लहानसे प्रारंभक पॅकेज. ते प्रथम चालवताच काहीशे मेगाबाइटचा खरा क्लायंट व्हॉल्व्हच्या सर्व्हरवरून उतरतो, वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसतो आणि पुढे आपले अद्ययावतीकरण आपणच करतो. पॅकेज-व्यवस्थापकाला त्याची गंधवार्ताही नसते. एकाच संगणकावर अशा रीतीने दोन कारभारी नांदू लागतात, आणि बहुतेक तक्रारी या दोघांच्या सीमेवर उद्भवतात.

प्रत्येक वितरणातील लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या निराळ्या असणार हे ओळखून व्हॉल्व्हने क्लायंटबरोबरच लायब्ऱ्यांचा एक ठरावीक संच द्यायला सुरुवात केली. त्याला स्टीम रनटाइम म्हणतात. मूळ संच उबुंटू १२.०४ वर आधारलेला असून त्याचे नाव 'स्काउट' आहे. नंतर डेबियन १० वर आधारलेला 'सोल्जर' आणि डेबियन ११ वर आधारलेला 'स्नायपर' हे संच आले. ही नावे व्हॉल्व्हच्याच टीम फोर्ट्रेस २ या खेळातील पात्रांची आहेत. खेळ तयार करणाऱ्याने या संचावर विसंबून खेळ बांधावा, म्हणजे तो कोणत्याही वितरणावर चालेल, अशी ही कल्पना आहे.

कल्पना चांगली असली तरी तिला दोन अपवाद आहेत आणि व्हॉइडवरील स्थापनेचे जवळजवळ सारे टप्पे या दोन अपवादांतूनच निघतात. पहिला अपवाद ग्लिबसीचा. ती यजमान प्रणालीकडेच असावी लागते, कारण क्लायंटला मुळात सुरू करणारा दुवा-जोडक तिचाच भाग असतो. दुसरा अपवाद ग्राफिक्स ड्रायव्हरचा. ड्रायव्हर संगणकातील ग्राफिक्स कार्डाशी व कर्नेलशी बांधलेला असतो. २०१२ च्या संचात पुढे कधीतरी निघणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर असणे शक्यच नाही. म्हणून तोही यजमानाकडून घ्यावा लागतो.

पण ड्रायव्हर एकटा येत नाही. त्याला सी प्लस प्लस भाषेची प्रमाण लायब्ररी आणि अन्य काही लायब्ऱ्या लागतात, आणि त्या यजमानाकडील नव्या आवृत्तीच्या लागतात. एका चालू आज्ञावलीत एका नावाची लायब्ररी सामान्यतः एकदाच भरली जाते. रनटाइममधील जुनी प्रत आधी भरली गेली, की नव्या ड्रायव्हरला हवी असलेली कार्ये तिच्यात सापडत नाहीत आणि ड्रायव्हर भरला जात नाही. अनेक वर्षे आर्च, जेंटू, व्हॉइड अशा नेहमी ताज्या असणाऱ्या वितरणांच्या वापरकर्त्यांना 'ड्रायव्हर भरता आला नाही' असा त्रोटक संदेश दिसे आणि ते रनटाइममधील त्या जुन्या फाइली हाताने खोडून टाकत. पुढल्या अद्ययावतीकरणात त्या पुन्हा येत. शेवटी व्हॉल्व्हने यजमानाकडील व रनटाइममधील प्रतींची तुलना करून नवी असेल ती निवडण्याची सोय केली. आज जुन्या सल्ल्यांनुसार फाइली खोडत बसण्याचे कारण उरलेले नाही. आंतरजालावर ते सल्ले अजूनही सापडतात, म्हणून हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

यात आणखी एक गुंता ३२-बिटचा आहे. स्टीमचा लिनक्स क्लायंट ३२-बिट स्वरूपात जन्मला, आणि जुन्या खेळांपैकी अनेक आजही त्याच स्वरूपात आहेत. त्यामुळे ६४-बिट प्रणालीवर ग्राफिक्स ड्रायव्हर व त्याच्या सोबतच्या लायब्ऱ्या दोन्ही स्वरूपांत ठेवाव्या लागतात.

ग्लिबसी आवृत्तीवरील स्थापना

प्रणाली कोणत्या आवृत्तीची आहे हे 'एक्सबीपीएस-यूहेल्पर आर्च' या आज्ञेने कळते. उत्तराच्या शेवटी मसल हा शब्द नसेल तर ती ग्लिबसी आवृत्ती होय. त्यानंतर संपूर्ण प्रणाली अद्ययावत करून घ्यावी. अखंड अद्ययावत होणाऱ्या वितरणात अर्धी पॅकेजे जुनी व अर्धी नवी ठेवणे ही हमखास बिघाडाची वाट असते.

स्टीमचा परवाना मुक्त नसल्यामुळे ते व्हॉइडच्या मुख्य भांडारात नाही. त्यासाठी 'व्हॉइड-रेपो-नॉनफ्री' आणि ३२-बिट लायब्ऱ्यांसाठी 'व्हॉइड-रेपो-मल्टिलिब' ही दोन भांडारे जोडावी लागतात. व्हॉइडमध्ये भांडार जोडणे म्हणजे त्याच नावाचे पॅकेज बसवणे, इतके ते सोपे आहे. एनव्हिडियाचे कार्ड असल्यास 'व्हॉइड-रेपो-मल्टिलिब-नॉनफ्री' हे तिसरे भांडारही लागते. भांडारे जोडल्यावर त्यांची सूची ताजी करून 'स्टीम' हे पॅकेज बसवता येते.

अनेकांची गाडी येथे अडते. स्टीमचे पॅकेज ३२-बिट लायब्ऱ्या आपोआप ओढून आणील अशी अपेक्षा असते, ती फोल ठरते. पॅकेजाबरोबर येणाऱ्या वाचा-टिपणात त्यांची यादी दिलेली आहे: लिबजीसीसी, लिबस्टडीसी-प्लस-प्लस, लिबडीआरएम, लिबजीएलव्हीएनडी आणि मेसा-डीआरआय, प्रत्येकीच्या नावापुढे '३२बिट' असा प्रत्यय. मागील विभाग वाचलेल्यास ही यादी पाठ करण्याची गरज नाही. शेवटचे नाव ड्रायव्हराचे आहे आणि पहिली चार त्याच्या सोबत्यांची. व्हॉइडने हे टिपण प्रणालीतील दस्तऐवजांच्या फोल्डरात 'स्टीम' या नावाखाली ठेवलेले असते; स्थापनेपूर्वी ते वाचणे श्रेयस्कर.

आधुनिक खेळांना व्हल्कन या ग्राफिक्स-प्रणालीचीही गरज असते. एएमडी किंवा इंटेल कार्डासाठी मेसा प्रकल्पाचा त्या त्या कार्डाचा व्हल्कन ड्रायव्हर आणि 'व्हल्कन-लोडर' ही पॅकेजे ६४ व ३२ अशा दोन्ही बिटांत बसवावीत. एनव्हिडियाच्या बाबतीत मुख्य ड्रायव्हर व त्याच्या ३२-बिट लायब्ऱ्या यांची आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत एकच असली पाहिजे. क्लायंट दिसतो पण एखादा जुना खेळ क्षणभर काळा पडदा दाखवून बंद होतो, तेव्हा संशय प्रथम येथे घ्यावा.

भाषा-संचाचा टप्पा किरकोळ वाटतो, पण तो टाळू नये. प्रणालीत अमेरिकी इंग्रजीचा यूटीएफ-८ संच तयार केलेला नसेल तर स्टीम सुरुवातीलाच कुरकुर करते आणि काही खेळ चालत नाहीत. व्हॉइडमध्ये 'लिबसी-लोकेल्स' या फाइलीतील संबंधित ओळीपुढील टिप्पणीचे चिन्ह काढून 'ग्लिबसी-लोकेल्स' या पॅकेजाची पुनर्रचना करावी लागते. ज्यांनी आपली प्रणाली मराठीत ठेवली आहे त्यांना ती बदलण्याचे कारण नाही. मराठी भारत आणि अमेरिकी इंग्रजी हे दोन्ही संच एकाच वेळी तयार ठेवता येतात.

सिस्टमडी असलेल्या वितरणांत आपोआप होणाऱ्या काही गोष्टी येथे स्वतः कराव्या लागतात. आज्ञावल्यांमधील निरोप पोचवणारी डी-बस ही सेवा चालू असावी. रनिटमध्ये सेवा चालू करणे म्हणजे तिच्या फोल्डराचा एक सांकेतिक दुवा ठरावीक जागी ठेवणे होय. वापरकर्त्याचे सत्र सांभाळण्यासाठी ईलॉगिन्डी वापरतात. ध्वनीसाठी पाइपवायर असेल तर त्याचा पल्सऑडिओ-सुसंगत भाग सत्राबरोबर सुरू होईल अशी व्यवस्था करावी, नाहीतर खेळ मुका चालतो. नियंत्रक जोडल्यावर ओळखला जात नसेल, तर उपकरणांवरील परवानगीचे यूडेव्ह नियम तपासावेत.

स्टीम नेहमी सामान्य वापरकर्ता म्हणून चालवावे. प्रशासक म्हणून चालवल्यास ते स्वतःच नकार देते, आणि हा नकार योग्य आहे, हे पुढे दिलेल्या २०१५ च्या प्रसंगावरून पटेल.

मसल आवृत्तीवरील पर्याय

मसल आवृत्तीसाठी व्हॉइडचे मल्टिलिब भांडार उपलब्ध नाही, आणि असते तरी उपयोग झाला नसता. क्लायंट ग्लिबसीच्या दुवा-जोडकाचे नाव आपल्या पोटात घेऊन आलेला असतो. तो जोडक न सापडल्यास 'फाइल अस्तित्वात नाही' असा संदेश येतो. फाइल तर डोळ्यांसमोर असते. नसतो तो तिला चालवणारा. नवख्याला चकवणारा हा संदेश लिनक्सच्या जगात बराच जुना आहे.

सर्वांत सोपा मार्ग फ्लॅटपॅकचा. फ्लॅटपॅक आज्ञावलीबरोबर तिला लागणारा सर्व परिसर, ग्लिबसीसह, एका बंदिस्त कप्प्यात पुरवते. स्टीमचे फ्लॅटपॅक 'फ्लॅटहब' या भांडारातून मिळते. तेही स्वयंसेवकांनी बांधलेले आहे, व्हॉल्व्हने नव्हे. त्याचा सारा संसार वापरकर्त्याच्या फोल्डरातील एका निराळ्या उपफोल्डरात राहतो आणि बाहेरच्या फोल्डरांत त्याला सरसकट प्रवेश नसतो. खेळ दुसऱ्या डिस्कवर ठेवायचे असल्यास तशी परवानगी स्पष्टपणे द्यावी लागते. ग्लिबसी आवृत्तीचे काही वापरकर्तेही, मुख्य प्रणालीत ३२-बिट लायब्ऱ्यांची भर नको म्हणून, हाच मार्ग पत्करतात.

दुसरा मार्ग म्हणजे एका फोल्डरात ग्लिबसीचे छोटे व्हॉइड उभारून क्रूट पद्धतीने त्यात स्टीम चालवणे. यात प्रणालीची अनेक उपकरणे व फोल्डरे त्या छोट्या प्रणालीत जोडून घ्यावी लागतात. शिकण्याच्या दृष्टीने हा प्रयोग उत्तम आहे. रोजच्या वापरासाठी नाही. एनव्हिडियाचा मालकी हक्काचा ड्रायव्हर मात्र मसलसाठी मिळतच नाही. असे कार्ड असलेल्याने खेळांसाठी मुळात ग्लिबसी आवृत्तीच निवडणे इष्ट, कारण चालू प्रणालीत एका लायब्ररीवरून दुसरीवर जाता येत नाही. पुन्हा नव्याने स्थापना करावी लागते.

प्रोटॉन

२१ ऑगस्ट २०१८ रोजी व्हॉल्व्हने प्रोटॉन प्रकाशित केले. विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालवण्याची ही व्यवस्था १९९३ पासून चालत आलेल्या वाइन या मुक्त प्रकल्पावर आधारलेली असून ती कोडवीव्हर्स या कंपनीच्या सहकार्याने विकसित केली गेली. डायरेक्टएक्समधील आज्ञा व्हल्कनमध्ये उतरवणारी फिलिप रेबोले यांची डीएक्सव्हीके ही लायब्ररी तिचा महत्त्वाचा भाग आहे. स्टीमच्या मांडणीतून प्रोटॉन सुरू करता येते. व्हॉइडवर वेगळे पॅकेज लागत नाही.

प्रोटॉन आणि त्यातील खेळ 'प्रेशर-व्हेसल' नावाच्या कप्प्यात चालतात. हा कप्पा उभारण्यासाठी सामान्य वापरकर्त्याला कर्नेलमधील 'यूजर नेमस्पेस' ही सोय वापरता आली पाहिजे. सुरक्षेसाठी कोणी ती बंद केली असेल तर प्रोटॉन सुरू होत नाही.

प्रोटॉनच्या 'ईसिंक' या पद्धतीत प्रत्येक समन्वय-खुणेसाठी एक उघडी फाइल खर्ची पडते, त्यामुळे उघड्या फाइलींची मर्यादा ५,२४,२८८ पर्यंत असावी अशी शिफारस आहे. सिस्टमडीने आवृत्ती २४० पासून ही कमाल मर्यादा आपल्या बाजूने दिली. व्हॉइडमध्ये सिस्टमडी नसल्याने ती मर्यादांच्या फाइलीत स्वतः लिहावी लागते. कर्नेल ५.१६ मध्ये आलेल्या सोयीवर 'एफसिंक' ही पद्धत चालते व तिला ही मर्यादा लागत नाही. म्हणून ताज्या कर्नेलवर हा प्रश्न सहसा जाणवत नाही. काही मोठ्या खेळांना स्मृतीच्या नकाशांची कर्नेलमधील ६५,५३० ही मूळ मर्यादा अपुरी पडते. फेडोरा ३९ ने ती १०,४८,५७६ केली. व्हॉइडवर वापरकर्ता एका ओळीने तसेच करू शकतो.

खेळ ठेवण्यासाठी विंडोजच्या एनटीएफएस स्वरूपातील डिस्क वापरू नये. प्रोटॉन तयार करत असलेले सांकेतिक दुवे व फाइलनावे तिच्याशी जुळत नाहीत. दोन प्रणाली ठेवणारे वापरकर्ते जागा वाचवण्यासाठी हे करू पाहतात आणि खेळ सुरूच होत नाही असा अनुभव घेतात.

उल्लेखनीय प्रसंग

जानेवारी २०१५ मध्ये स्टीमच्या प्रारंभक संहितेतील एक गंभीर दोष उघडकीस आला. एका वापरकर्त्याने स्टीमचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी दुवा ठेवला होता. संहितेने आपले स्थान शोधण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि स्थानदर्शक चल रिकामा राहिला. पुढच्या ओळीत 'त्या स्थानाखालील सर्व काही खोडा' अशी आज्ञा होती. स्थान रिकामे, म्हणून आज्ञा प्रणालीच्या मुळापासून लागू झाली आणि त्या वापरकर्त्याच्या मालकीच्या साऱ्या फाइली, जोडलेल्या बाह्य डिस्कवरील राखीव प्रतींसह, गेल्या. ती ओळ धोक्याची असल्याची टीप लिहिणाऱ्याने स्वतःच वर करून ठेवली होती. तपासणी मात्र घातली नव्हती. दोष नंतर दुरुस्त झाला. स्टीम प्रशासक म्हणून चालत असते तर प्रणालीही वाचली नसती.

जून २०१९ मध्ये कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू १९.१० पासून ३२-बिट पॅकेजे बंद करण्याचे ठरवले. त्यावर व्हॉल्व्हचे पिएर-लू ग्रिफे यांनी त्या व पुढील उबुंटूला स्टीमचा अधिकृत पाठिंबा राहणार नाही असे जाहीर केले. थोड्याच दिवसांत कॅनॉनिकलने निवडक ३२-बिट पॅकेजे चालू ठेवण्याचे मान्य केले. एका खेळ-क्लायंटने एका मोठ्या वितरणाचे धोरण बदलवले, असा हा प्रसंग आहे. व्हॉइडसारख्या लहान प्रकल्पाला अशा वाटाघाटीत स्थान नसते. मोठ्यांमध्ये जे ठरेल त्याच्याशी त्याला जुळवून घ्यावे लागते.

ऑगस्ट २०२२ मधील घटना उलट दिशेची आहे. ग्लिबसी २.३६ मध्ये 'डीटी-हॅश' हा जुना तक्ता तिच्या फाइलींत घालणे पूर्वनियोजित मांडणीतून वगळले गेले. ईझी अँटी-चीट ही फसवणूक-रोधक आज्ञावली त्याच तक्त्यावर विसंबून होती, त्यामुळे ताज्या वितरणांवर अनेक खेळ एकाएकी बंद पडले. आर्च लिनक्सने आपल्या पॅकेजात तो तक्ता परत घातला. दोष कोणाचा यावर बरीच चर्चा झाली: तक्ता जुना असला तरी मानकाचा भाग होता, आणि नवा तक्ता पंधराएक वर्षे वापरात होता.

मर्यादा

वरील सर्व टप्पे बिनचूक केले तरी काही खेळ व्हॉइडवर चालत नाहीत, आणि त्याला व्हॉइड कारण नसते. ईझी अँटी-चीट व बॅटलआय या दोन्ही व्यवस्था २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, परंतु प्रत्येक खेळाच्या निर्मात्याने तशी परवानगी द्यावी लागते. काहींनी ती दिलेली नाही. एपेक्स लेजेंड्स या खेळाने दिलेली परवानगी ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस काढून घेतली. असा खेळ विकत घेण्यापूर्वी तो लिनक्सवर चालतो का हे पाहणे शहाणपणाचे.

काही अडचण आल्यास दाद कोणाकडे मागावी, हाही प्रश्न आहे. व्हॉल्व्हच्या दृष्टीने व्हॉइड हे अधिकृत वितरण नाही, आणि व्हॉइडच्या स्वयंसेवकांना बंद स्रोताच्या क्लायंटमध्ये हात घालता येत नाही. तीच अडचण फ्लॅटपॅकमध्ये येते का हे करून पाहिल्यास दोष कोणत्या बाजूला आहे हे बहुधा कळते.

इतर वितरणांशी तुलना

आर्च लिनक्सवर मल्टिलिब भांडार उघडले की काम बरेचसे होते. स्टीमओएसची तिसरी आवृत्ती आर्चवरच आधारलेली आहे, आणि २५ फेब्रुवारी २०२२ रोजी स्टीम डेक हे हातातील यंत्र बाजारात आल्यापासून आर्चच्या जवळच्या वितरणांचा रस्ता अधिक सुकर झाला. स्लॅकवेअर हे १९९३ पासूनचे वितरण ६४-बिट आवृत्तीत ३२-बिट लायब्ऱ्या देत नाही. एरिक हामेलेर्स यांनी बांधलेली मल्टिलिब पॅकेजे तेथे वापरतात. अल्पाइन लिनक्स मसलवर असल्याने तेथे फ्लॅटपॅक हाच राजमार्ग आहे.

निक्सओएसची तऱ्हा सर्वांहून निराळी. त्यात लायब्ऱ्या नेहमीच्या फोल्डरांत नसतातच, प्रत्येक पॅकेज स्वतंत्र कप्प्यात असते. म्हणून स्टीमला फसवण्यासाठी नेहमीसारखी दिसणारी एक खोटी फोल्डर-रचना उभी केली जाते. वापरकर्त्याला मात्र मांडणीच्या फाइलीत एकच ओळ लिहावी लागते. रचनेने सर्वांत दूरचे वितरण वापराला सोपे ठरावे, हे या विषयातील एक कौतुकास्पद उदाहरण होय.

मुक्त आज्ञावलीच्या दृष्टीने

स्टीम व त्यावरील बहुतेक खेळ बंद स्रोताचे आहेत, आणि खेळांवर अनेकदा प्रत-नियंत्रणही असते. मुक्त आज्ञावली चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१२ मध्येच, स्टीमचे लिनक्सवर आगमन होण्यापूर्वी, या विषयावर लेख लिहिला होता. विंडोज सोडण्यास यामुळे काहींना मदत होईल हे त्यांनी मान्य केले. पण मुक्त प्रणालीवर बंद आज्ञावली स्वीकारण्याची सवय त्यातून लागेल, अशी चिंताही व्यक्त केली. व्हॉइडने या वादात मधली भूमिका घेतलेली दिसते. स्टीम भांडारात आहे, परंतु ते वेगळ्या भांडारात आहे आणि वापरकर्त्याने स्वतः जोडल्याखेरीज ते भांडार उघडत नाही.

दुसरीकडे, या व्यवहारातून मुक्त प्रकल्पांना मिळालेला लाभही नाकारता येत नाही. व्हॉल्व्हने मेसाच्या ड्रायव्हरांवर, कर्नेलवर व वाइनवर काम करणाऱ्या विकासकांना मोबदला दिला आहे, आणि त्यांचे काम खुल्या परवान्याखाली सर्वांना मिळते. कधीही खेळ न खेळणारा व्हॉइडचा वापरकर्ताही आज जो मेसा ड्रायव्हर वापरतो, त्यात या कामाचा वाटा आहे.